नियोजित चौकाला अर्जदाराचे नाव न देण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
बांधणपाडा प्रभाग समिती कार्यालय,
बांधणपाडा, ठाकुर्ली (पूर्व).

विषय: मौजे बांधणपाडा येथील नियोजित चौकास "नयन हसुराम केणे चौक" असे नाव देण्याच्या प्रस्तावास खुद्द नयन हसुराम केणे यांची हरकत, तसेच त्रुटीपूर्ततेच्या मुदतीबाबत विनंती.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे दि. १८ डिसेंबर २०२४ चे त्रुटीपत्र, जे अर्जदाराच्या वारसांच्या नावे आले व अर्जदारानेच दारात सही करून घेतले.

महोदय,

अर्जदार नयन हसुराम केणे, वय ४४, राहणार बांधणपाडा गावठाण, गावदेवीच्या देवळामागे, हा आपल्याच प्रभागात जन्मला, इथेच वाढला आणि अजून इथेच जिवंत आहे. यातली शेवटची बाब अर्जात लिहून द्यावी लागेल असे त्याला कधी वाटले नव्हते. तो डोंबिवलीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. शिवाय २०११ पासून तो "टाकीखालून" नावाचा ब्लॉग लिहितो. संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली बसणारी मंडळी जे बोलतात ते तो लिहून काढतो, एवढेच. नळाला पाणी कधी आले, कोणाच्या हळदीला डीजे कितीपर्यंत वाजला, कोणाच्या वाढदिवसाच्या फलकाने सिग्नल झाकला. निवडणुका लांबल्यापासून आपल्या प्रभागात सगळे एक तर माजी नगरसेवक आहेत नाहीतर भावी, असे त्याने एकदा लिहिले होते. ते वाचून माजी आणि भावी दोघेही हसले होते. गावात थट्टा चालते साहेब, चालत होती.

अर्जदाराला एक खोड आहे, आणि सगळे रामायण त्या खोडीमुळेच घडले. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, गणपती बुडाले की, तो गावचे तळे टेपने मोजतो आणि आकडा ब्लॉगवर टाकतो. कन्या कृतिका कळती झाल्यापासून टेपचे दुसरे टोक ती धरते. २०११ साली तळ्याची लांबी दोनशे दहा फूट होती. गेल्या सप्टेंबरात ती चौऱ्याहत्तर फूट भरली. मधले तळे कुठे गेले हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे, कारण डेब्रिजचे डंपर काही आकाशातून उतरत नाहीत. माजी नगरसेवक श्री. हरिहर काळुराम घरत यांच्या कुंपणाला लागून ते रिकामे होतात. अर्जदाराने यंदा ते डंपरच्या नंबरांसकट लिहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असे त्याची पत्नी सौ. कल्पिता त्याच दिवशी म्हणाली होती.

लेखानंतर शिव्यांचे फोन येतील, दारावर पोरे येतील, अशी अर्जदाराची अपेक्षा होती. त्याची तयारीही होती, कारण भावकीतले भांडण त्याला नवे नाही. पण कोणी हूं की चूं केले नाही. उलट आठवड्याभराने हरिहरशेठ स्वतः टाकीखाली आले, अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "नयन, तू गावचं भूषण आहेस रे. तुझ्यासारखा लिहिणारा परत होणार नाय. तुझ्या नावाचा चौक करायचा, मी ठरवलंय." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोला, अर्जदारालाही घटकाभर बरे वाटले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, अर्जदार शाळेत असताना, शेठचा कार्यकर्ता हितेश घरी आला आणि अर्जदाराची आई श्रीमती गोदाबाई (वय ७१) हिचा एका कागदावर अंगठा घेऊन गेला. तो कागद म्हणजे "वारसांचे ना हरकत पत्र". आईला वाचता येत नाही. हितेशने तिला फक्त मुलाचे नाव जिथे होते तेवढी ओळ वाचून दाखवली. तिने त्याला चहा पाजला, अर्जदाराचा लग्नातला फेटा बांधलेला फोटो भिंतीवरून उतरवून दिला आणि तो गेल्यावर आळीत पेढे वाटले. संध्याकाळी अर्जदार चिडला तेव्हा ती म्हणाली, "तुजे बापान उभा जनम मिठागरान घातला, त्याचा नाव रेशनकार्डाव पन धर लागला नाय. तुजा नाव चौकाला लागतंय आन् तू तोंड पारून बसलास?" अर्जदाराने दोन पेढे खाल्ले.

आणि मग आपले पत्र आले. त्यात लिहिले आहे की स्थळदर्शक नकाशा आहे, वारसांची संमती आहे, छायाचित्र आहे, जीवनकार्याची माहिती आहे. "मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. दि. २० जानेवारी २०२५ पर्यंत पूर्तता करावी, म्हणजे २६ जानेवारीच्या अनावरणास परवानगी देता येईल." त्याखाली प्रस्तावकाच्या हस्ताक्षरात निळ्या शाईने शेरा आहे: "मुदतीत सादर करतो. ह. का. घरत." अर्जदाराने ते पत्र उभ्या उभ्या चार वेळा वाचले आणि पाचव्यांदा वाचण्याआधी दार आतून लावून घेतले.

आपल्या वरिष्ठ लिपिक श्रीमती दर्शना मॅडम यांच्याविषयी अर्जदाराची कसलीही तक्रार नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. अर्जदार धापा टाकत कार्यालयात आला तेव्हा त्यांनी त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले. हयात व्यक्तीचे नाव चौकाला देता येत नाही, म्हणून दाखला लागतोच, असे त्यांनी समजावून सांगितले. अर्जदार म्हणाला, मॅडम, तो इसम म्हणजे मीच. त्यांनी फायलीतला फोटो पाहिला, अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फेट्यामुळे ओळखलं नाही, सॉरी हं." मग हयातीचा दाखला आणायला सांगितला. अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा आणून दिला. त्यांनी तो फायलीला टाचला. पण म्हणाल्या, "सर, हा आजचा झाला. वीस तारखेला काय परिस्थिती असेल ते यावरून कसं समजणार?" नियमाने त्यांचे बरोबरच आहे. नकाशात चौक जिथे दाखवला आहे तिथे आज कमरेइतके पाणी आहे, हेही अर्जदाराने त्यांच्या नजरेस आणले. "तोवर भराव पूर्ण होईल ना," असे त्या म्हणाल्या.

अर्जदार पोलीस ठाण्यातही गेला. तिथल्या साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमचा सत्कार होतोय. सत्कार कुठल्या कलमात बसवू?"

साहेब, एकेक गोष्ट सुटी घेतली तर हसण्यावारी नेता येईल. रंगाऱ्याच्या दुकानाबाहेर बोर्ड वाळत ठेवला होता. त्यावर नावाच्या आधी एक कागदाची पट्टी चिकटवली आहे. अर्जदाराने नखाने तिचा कोपरा उचलून पाहिला, तर खाली "कै." रंगवून तयार आहे. रंगारी म्हणाला, "परत परत शिडी कोण लावणार, दादा?" कार्यक्रमाची पत्रिकाही छापून आली. एरवी एकमेकांचे फलक फाडणाऱ्या झाडून सगळ्या माजी-भावींची नावे तिच्यावर एकाखाली एक आहेत. मंचावर कुटुंबीय म्हणून आई, पत्नी आणि मुलगी. अर्जदाराचे नाव फक्त चौकाला आहे, मंचावर नाही. आणि पत्नीच्या नावाआधी "सौ." ऐवजी "श्रीमती" छापले आहे. कल्पिताने ती पत्रिका वाचली, घडी घालून पोळपाटाखाली ठेवली आणि त्या दिवसापासून ती अर्जदाराला एकट्याला दूध आणायलाही पाठवत नाही. ती म्हणते, काही दिवस गावाला जाऊन राहा. पण आमचे गाव म्हणजे हेच. चाकरमान्यांना कोकण असते, घाटावर घर असते. भूमिपुत्राने पळून कुठे जायचे?

नंबरप्लेटला चिखल फासलेला एक डंपर गेल्या पंधरवड्यात ठाकुर्लीच्या पुलाखाली अर्जदाराच्या स्कूटरच्या अगदी मागे आला, तोही दोनदा. दुसऱ्या वेळी चालकाने हॉर्न वाजवला नाही, नुसता हात वर करून नमस्कार केला. टाकीखालची मंडळी आता अर्जदार आला की उठून जागा देतात आणि बोलायचे थांबतात. त्यातले एक काका परवा उगाच त्याचा हात हातात घेऊन बसले. अर्जदार भितरा माणूस नाही. पण आता त्याला भीती वाटते, ती तो लपवत नाही.

शेवटी मान खाली घालून तो हरिहरशेठच्या ऑफिसात गेला. शेठ, हा दाखला तुम्ही वीस तारखेपर्यंत कुठून आणणार, असे त्याने स्पष्ट विचारले. शेठ रागावले नाहीत. त्यांनी अर्जदारासाठी लस्सी मागवली. म्हणाले, "कागदाची काळजी तू कशाला करतोस? ते माझं काम. आजवर या वॉर्डातली एक तरी फाईल मी अडकू दिलीय का?" अर्जदाराने आठवून पाहिले. खरोखरच एकही अडकलेली नाही.

तेव्हा अर्जदार पुढील गोष्ट स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे. तळ्याबद्दलचे तेरा वर्षांचे सगळे लेख त्याने ब्लॉगवरून काढून टाकले आहेत. टेप जुना होता, ताणला गेला असावा. २०११ साली पाऊस फार झाला होता, त्यामुळे तळे मोठे दिसले असावे. कदाचित ते पहिल्यापासून चौऱ्याहत्तर फूटच असेल. अर्जदार हे काढत होता तेव्हा कृतिका मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी टोक नीट धरलेलं. तुम्हीच बघितलेलं ना?" लाज वाटली साहेब, आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. एवढे करून त्याने शेठना फोन केला, की लेख काढले, आता प्रस्ताव मागे घ्या. शेठ हळहळले. "अरे काढलेस कशाला? जीवनकार्यात तेच तर लिहिलंय आम्ही. गावच्या तळ्यासाठी आयुष्य वेचलं म्हणून." मागे पोकलेनचा आवाज येत होता, म्हणून त्यांनी फोन लवकर ठेवला.

तरी अर्जदाराची हात जोडून विनंती अशी की, सदर प्रस्ताव फेटाळावा. फेटाळता येत नसेल तर चौकाला अर्जदाराचे वडील कै. हसुराम पदू केणे यांचे नाव द्यावे. ते २००९ साली वारले असून त्यांचा मृत्यूचा दाखला घरात तयार आहे. तो अर्जदार आजच्या आज हजर करू शकतो, आणि आईलाही तेवढेच समाधान. मात्र ही सूचना अर्जदाराने शेठना केली तेव्हा "बोर्ड रंगवून झालाय" असे उत्तर मिळाले, हेही प्रामाणिकपणे नमूद करणे त्याला भाग आहे.

आणि यातले काहीच नियमात बसत नसेल, तर निदान त्रुटीपूर्ततेची मुदत वाढवून मिळावी. आपल्या कार्यालयात मुदतवाढ मिळते. सिमेंटच्या रस्त्याला चार वेळा मिळाली, गटाराला सहा वेळा. अर्जदार वर्षे मागत नाही. कृतिका यंदा दहावीला आहे. तिचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्यात आहे, सोडायला-आणायला घरात दुसरे कोणी नाही, आणि भूमितीत ती अजून अडखळते, तो विषय रोज संध्याकाळी अर्जदारच घेतो. तरी २० जानेवारीऐवजी ३१ मार्च ही तारीख द्यावी आणि तसे प्रस्तावकांना लेखी कळवावे, म्हणजे ते तोवर थांबतील. लेखी आदेश ते पाळतात. ३१ मार्चनंतर अर्जदाराची कसलीही हरकत राहणार नाही, असे तो याद्वारे लिहून देत आहे.

आपला नम्र व हा अर्ज लिहितेवेळी हयात,

(सही)
नयन हसुराम केणे
बांधणपाडा, ठाकुर्ली (पूर्व)
दि. ६ जानेवारी २०२५