माझ्या स्मरणशक्तीचा अधिकृत नकाशा

३ जून, सकाळ
ग्रंथालय संघाच्या सचिवाचा फोन. अधिवेशनाचं प्रमुख भाषण यंदाही माझंच, पण कागदावरून वाचायचं. गेल्या वर्षी मी एकच परिच्छेद दोनदा बोललो म्हणे. त्याला ठासून सांगणं म्हणतात. चाळीस वर्षं विनाकागद बोलतोय. कागद घेतलेला वक्ता म्हणजे कुबड्या घेतलेला पैलवान.

५ जून
पुरावा सापडला. एका संशोधन केंद्राला निरोगी माणसं हवी आहेत. एमआरआय यंत्रात झोपवून, आठवणी मेंदूत नेमक्या कुठे साठतात त्याचा नकाशा करणार. माझा नकाशा सचिवाच्या टेबलावर आपटला की विषय संपला. फोनवर विचारलं, असामान्य स्मरणशक्तीवालेच घेता ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, साठीच्या पुढचं कुणीही चालेल. विनय आवडला.
हीसुद्धा येते म्हणाली. सोबत म्हणून.

९ जून, दुपार
डॉक्टरबाईंनी समजावलं की मेंदूत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो, आठवणींचा कारभार तिथून चालतो. ही म्हणाली, यांच्याकडे घोडा आहे, लगाम नाही. दुर्लक्ष केलं.
घड्याळ, पट्टा, कवळी काढायला लावली. डाव्या हातात बटण: आधी पाहिलेलं चित्र पुन्हा दिसलं की दाबायचं. उजव्या हातात रबरी फुगा: जीव घाबरला तर दाबायचा.
यंत्र ठोकठोक वाजू लागलं. हुबेहूब बाकं वाजवणारं सभागृह. आपोआप भाषण सुरू झालं, अर्थात मनातल्या मनात. ओठ हलत होते हा त्यांचा दावा. दर मुद्द्याला उजवी मूठ आवळायची माझी जुनी सवय आणि फुगा नेमका त्याच मुठीत. सात वेळा यंत्र थांबलं. शेवटी टेक्निशियन मुलीने हेडफोनमधून विचारलं, "आजोबा, जीव घाबरलाय की मुद्दा मांडताय?"
आजोबा म्हणाली.

१० जून, सकाळी ८
संकल्प: दुसऱ्या प्रयत्नाची तयारी म्हणून रोज तासभर मौन. बोट हलवायचं नाही.

१० जून, ८ वाजून ११ मिनिटं
मेहुणा फोनवर म्हणाला, पुस्तकं वाचणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. अशा वेळी गप्प बसणं हा गुन्हा आहे. उद्यापासून.

१६ जून
दुसरा प्रयत्न. यंत्रात तसूभर हललो नाही. बटणही दाबलं नाही. घोरत होतो, असं डॉक्टरबाई म्हणतात. उरलेल्या वेळात त्यांनी हिला आत घेतलं. अर्ध्या तासात ही बाहेर आली आणि म्हणाली, जाताना भाजी घ्यायची आहे.

२४ जून
केंद्राचं पत्र आलं. माझे स्कॅन अभ्यासातून 'वगळले' आहेत. वगळले म्हणजे वेगळे ठेवले. चारचौघांच्या सरासरीत मी कसा बसणार? हिचे मात्र सरसकट घेतलेत.
पत्र तडक सचिवाला नेऊन दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि डॉक्टरबाईंचा नंबर मागितला. माझ्याबद्दल अधिक माहिती हवी असणार.

२७ जून
प्रमुख भाषण डॉक्टरबाईंना दिलं. विषय: आठवण. मला आभारप्रदर्शन, दोन मिनिटं. सचिव म्हणतो, समारोप दमदार हवा म्हणून तुम्ही. पटलं. शेवटचा शब्द ज्याचा, सभा त्याची.
ही म्हणाली, "अहो, निदान नावं तरी लिहून न्या."
नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ जुलै, संध्याकाळ
विनाकागद बोललो. अध्यक्षांपासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. शेवटी डॉक्टरबाई. "आज आपल्याला लाभलेल्या थोर विदुषी..." आणि थांबलो. परिणाम साधण्यासाठी थांबावं लागतं. जरा जास्तच थांबलो. सभागृहात खोकले सुरू झाले.
ही पहिल्या रांगेत होती. तिने बसल्या जागेवरून नाव सांगितलं. आडनावासकट, पदव्यांसकट, ओळीने.
टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान लववून त्या स्वीकारल्या. वर पाहिलं तर सगळे हिच्याकडे वळले होते.
मग मीही वाजवल्या.