गाडी झाकून ठेवल्यावर मी कुठे कुठे दिसलो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकवत नाही, जेवढं जमलं तेवढं गोड मानून घे). तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना वेळ कळवतो? आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. बाकीचं सांगायलाच बसलो आहे.

मुद्दा गाडीचा आहे. ठेवावी की काढून टाकावी, यावर आमच्या घरात सहा महिने खल चालला होता. माझं चष्म्याचं दुकान घरापासून चारशे पावलांवर (येताना चारशे बारा होतात, कारण भाजीवाल्याला चुकवून यावं लागतं). हिचं वाचनालय त्याच्या पुढच्या वळणावर. म्हणजे गाडी आम्हाला कुठे नेत नाही, आम्हीच तिला अधूनमधून फिरवून आणतो, म्हाताऱ्या माणसाला बागेत न्यावं तसं. शेवटी तुझ्या भावजयीने तोडगा काढला. महिनाभर गाडी बंद. किल्ली हिच्या पर्समध्ये आणि गाडी इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कापडाखाली. महिनाभर काही अडलं नाही तर विकायची. मी कबूल झालो. (माझ्या कबूल होण्याने घरात फारसं काही ठरत नाही, पण ही विचारते, हा तिचा मोठेपणा.)

पाचव्या दिवशी समोरच्या शिंपीणबाई दुकानात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "परवा आईला दवाखान्यात सोडलंत, फार बरं झालं." मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. "असं कसं? स्वतः उतरून मागचं दार उघडलंत. आईची काठी धरलीत." ताई, तू मला माझ्या जन्मापासून ओळखतेस. मी कुणाची काठी धरेन का? मी बाईंना तिथल्या तिथे खुर्चीत बसवून डोळे तपासले. त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि न विचारता तिच्या खाली छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं. दोन दिवसांनी बँकेतले कॅशियर आले. रस्ता ओलांडताना मी म्हणे त्यांच्यासाठी गाडी थांबवली आणि हसून 'आधी तुम्ही' अशी खूण केली. त्यांचा चष्मा मीच गेल्या महिन्यात केलेला, नंबर पुन्हा काढून पाहिला, बरोबर होता. म्हणजे दोष नजरेचा नव्हता. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट होती, बाकी कुठल्याच दृष्टीने नव्हती. मग आणखी तिघे आले. सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं, की मी फार प्रसन्न दिसत होतो.

गुरुवारी भर दुपारी दुकान बंद करून शेडमध्ये गेलो. कापडावर धूळ होती आणि धुळीवर मांजराच्या पावलांची रांग, जराही न विस्कटलेली. पुढचं एक चाक बसलेलं. कापड वर केलं. मागचं डावं दार कधीच नीट लागत नाही, त्यातून आत शिरलो आणि सरकत सरकत पुढे जाऊन चालकाच्या जागेवर बसलो. बाहेर हवा गार होती, त्या शेडमध्ये ऊन कधी येत नाही. सीट गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक उठल्यावर दुसरं बसतं, तेव्हा त्याला लागत असेल तशी. मी ताडकन बाहेर आलो आणि, का कोण जाणे, "सॉरी" म्हणालो.

हे मी हिला सांगणार नव्हतो. पण त्याच आठवड्यात ही साडेचारला घरी आली तेव्हा मी टेबलापाशी मटार सोलत होतो. दारातच उभी राहिली, पर्स खांद्यावर तशीच, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही आत्ता कोपऱ्यावर होतात," ती म्हणाली.

"मी तासभर इथेच आहे. मटार बघ."

"गाडीत होतात. गाणं म्हणत होतात."

मी किल्ली विचारली. तिने पर्समधून काढून दाखवली. ती घाबरलेली नव्हती. पर्स खुंटीला लावताना ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "छान दिसत होतात." सव्वीस वर्षांत हे वाक्य मी एकदाच ऐकलं आहे, आणि तेही स्वेटरबद्दल होतं.

तेव्हापासून ती लांबच्या रस्त्याने, त्या कोपऱ्यावरून घरी येते. विचारलं तर म्हणते, तिकडे भाजी ताजी मिळते. पिशवी रिकामी असते.

तर ताई, तूच सांग, ठेवू की विकू? ठेवावी तर तो फिरतो. विकावी तर तो पायी येईल का, आणि आलाच तर कुणाच्या घरी, हा विचार मी करत नाही. (करतो. दुपारी चारला करतो.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा
(अजून तरी एकुलता) भाऊ

ता.क. – सल्ल्याची वाट न बघता शुक्रवारी गाडी विकून टाकली. बॅटरी पार गेलेली, म्हणून मेकॅनिकने दोर बांधून ओढत नेली. म्हणाला, "महिनाभरात ही इंचभरसुद्धा हललेली नाही." तुझी भावजय खिडकीत उभी होती.

ता.क. दुसरा – पत्र खिशातच राहिलं आणि आज मंगळवारी तुझं पत्र आलं. लिहितेस की रविवारी आम्ही अचानक आलो, गाडी फाटकाशी लावली, आणि आईच्या आजारपणात मी तुला जे बोललो होतो त्याबद्दल तुझ्या स्वयंपाकघरात बसून माफी मागितली. ताई, ते मला दोन वर्षं बोलायचं होतं. बोललं गेलं, बरं झालं. ते माझंच समज. पण तू 'दोघं आलात' असं लिहिलं आहेस. रविवारी वाचनालयात पुस्तकांची मोजणी आहे असं सांगून ही सकाळीच गेली होती. संध्याकाळी आली तेव्हा मी भात लावून ठेवला होता. तिला भूक नव्हती. मी तिला अजून काही विचारलेलं नाही. गाडीबद्दलचा सल्ला राहू दे. ती हसत होती का, एवढंच कळव.