वीस ग्रॅमचे छत्तीस ग्रॅम

३ ऑगस्ट
संकल्प: यापुढे नोट्स न बघता शिकवायचं. एकोणीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय, मोल कन्सेप्ट रक्तात आहे. आज अकरावीला उभ्या उभ्या गणित घातलं. चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती तयार होईल? चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल, म्हणून पाणीही दोन मोल. छत्तीस ग्रॅम! वर्ग एकदम गप्प. भारावले असावेत.

७ ऑगस्ट
टेस्ट तपासली. तेच गणित दिलं होतं, दोन मार्कांना. सगळ्यांचं बरोबर. फक्त खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीनं अठरा लिहिलंय, वर शेरा: 'ऑक्सिजन आधी संपतो.' आगाऊपणा. लाल पेननं भोपळा दिला. त्यामुळे विज्ञान स्पर्धेच्या टीममधून ती एका मार्कानं बाहेर. वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

८ ऑगस्ट
मुलगी स्टाफरूमच्या दारात. म्हणाली, सर, आत वीस ग्रॅम टाकले तर बाहेर छत्तीस कसे येतील? मी म्हटलं, रिअ‍ॅक्शनमध्ये एनर्जी वगैरे बरंच काही असतं, पुढच्या वर्षी कळेल. 'बरं सर' म्हणून गेली. लगेच पटलं तिला. समजावण्याची हातोटी लागते.

संध्याकाळी हिला हा किस्सा सांगितला. ही ब्लाउज बेतत होती. कात्री न थांबवता म्हणाली, मग मलाही शिकवा की, माझं कापड नेहमी कमीच पडतं.
शिवणकाम वेगळं, सायन्स वेगळं.

९ ऑगस्ट
केवळ हिची समजूत काढायची म्हणून कागदावर मांडून पाहिलं. ऑक्सिजन सोळा ग्रॅम म्हणजे अर्धाच मोल. अर्ध्या मोलमधून पाणी एक मोल. अठरा ग्रॅम. हायड्रोजन दोन ग्रॅम नुसता उरतो.
तीनदा केलं. कॅल्क्युलेटरचा सेल बदलला. अठराच.


१० ऑगस्ट
प्रिन्सिपॉल मॅडमना सांगायला गेलो. त्या फोनवर होत्या. अर्धा मिनिट थांबलो. माणसानं किती थांबावं?

१२ ऑगस्ट
आज सांगितलं. मॅडम म्हणाल्या, टीमची नावं काल दुपारीच गेली, आता बदलता येत नाहीत. परवा दारात दिसलात, तेव्हा का नाही बोललात? म्हटलं, तुम्ही फोनवर होता.

१३ ऑगस्ट
हजेरी झाल्यावर वर्गासमोर कबूल केलं. अठरा बरोबर, छत्तीस चूक, चूक माझी. तिचे दोन मार्क दिले. टीमची नावं आधीच गेलीत, हेही सांगितलं. ती म्हणाली, असू दे सर.
मग मी शहाणपणा केला. विचारलं, बाकी कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?
टीममध्ये निवड झालेला मुलगा उभा राहिला. म्हणाला, सर, सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या टेस्टमध्ये तुमचं उत्तर लिहायचं असं आमचं पहिल्यापासून ठरलंय. ही एकटीच ऐकत नाही.
मान खाली घालून हजेरी घ्यायला लागलो. पाच नावं झाल्यावर आठवलं की ती घेऊन झाली होती. कोणी हसलं नाही. सगळे पुन्हा एकदा 'येस सर' म्हणत राहिले.