आईची अभ्यासवृत्ती

राजाजीनगर, बंगळूरु

प्रिय सुहास,

आईने फोन सोडून पत्र का पाठवलं म्हणून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोनवर तू “आई, ऐक ना” म्हणालास की मी विरघळते. मागच्या रविवारी तेच झालं. शमिकाच्या बाळंतपणानंतर वर्षभर पुण्याला येऊन राहशील का, असं तू विचारलंस आणि मी हो म्हणून मोकळी झाले. आज मात्र मला मधे न अडवता बोलू दे.

आधी बातमी. मला अभ्यासवृत्ती मिळाली! पूर्ण वर्षाची, दरमहा मानधनासकट. इथल्या एका अभिलेखागारात मराठा अमलातले मोडी कागद पडून आहेत, तळ्यांच्या दुरुस्तीचे आणि पाण्याच्या वाटणीचे. ते वाचायचे आणि त्यांवर लिहायचं. हे कुणी करायचं? शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाईंनी, ज्यांच्या मोडीच्या क्लासला त्यांचे चिरंजीव ‘आईचा टाइमपास’ म्हणत.

मुलाखतीची गंमत ऐक. समोर तिघं जण, तिघंही तुझ्याच वयाचे. मी आत गेले तर एकाला वाटलं, कुणा उमेदवाराची आई चुकून आली, आणि त्याने मला नम्रपणे बाहेर बसवलं. नाव पुकारल्यावर मीच पुन्हा आत शिरले. बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग त्यांनी एक जुना कागद पुढे सरकवला. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळी ओळ सलग असते. आनेकलकडच्या एका तळ्याचा बांध फुटल्याची तक्रार होती ती, आणि मराठीत कन्नड शब्द बिनधास्त घुसलेले. मी घडाघडा वाचत गेले. तुझ्या पुण्याहून आलेली हुशार मंडळी नेमकी तिथेच अडली, असं नंतर कळलं. इतकी वर्षं मंजुनाथच्या दुकानात कन्नडमधून घासाघीस केली, ती अशी कामाला आली बघ! शेवटी त्यांनी विचारलं, या वयात रोज येणं झेपेल का. मी म्हटलं, दहावीच्या ‘ब’ तुकडीला शेवटच्या तासाला नागरिकशास्त्र शिकवलंय मी. तिघंही हसले.

तुझे बाबा तर हवेतच आहेत. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, काहींना दोनदा सांगून झालं. मंजुनाथने “सरी अम्मा, स्वीट एल्ली?” म्हणून मैसूरपाक वसूल केला. मी मात्र निवडीचं पत्र आलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आपल्या घरी येणाऱ्या पाकिटांवर मी नेहमी ‘श्री. व सौ.’मधली सौ. असते. या पाकिटावर नुसती हेमलता होती. मला फार, फार आनंद झाला रे.

म्हणून हे पत्र. रविवारचं माझं हो मी परत घेते. बाळ झालं की येईन, डिंकाचे लाडू आणीन, त्याला पोटभर मांडीवर घेईन आणि पंधरा दिवसांनी परत येईन. तू म्हणालास, “तू आता रिकामीच आहेस ना?” नाही, मी रिकामी नाही. राग आला तर खुशाल येऊ दे, तो ओसरेल. शमिकाला काल हे सांगताना मला धाकधूक होती. ती खळखळून हसली आणि म्हणाली, “आई, यांच्या कंपनीत बाबा होणाऱ्यालाही सहा महिन्यांची रजा मिळते. यांनी अजून विचारलेलंसुद्धा नाही.” सुहास, बाप तू होणार आहेस. रजा तू घे.

तुझीच,
आई