कोंबडीच्या नावावर

३ जानेवारी, मंगळवार

मागची खोली रिकामी करायचा हुकूम आला! पेंडीची पोती, गंजलेला वजनकाटा, तीन पायांचं टेबल — सगळं बाहेर. आमचे साहेब, म्हणजे गुरांचे डॉक्टर, नेहमीप्रमाणे हुकूम सांगून फेरीवर निघून गेले. काम कोणाच्या गळ्यात? कंपाउंडरच्या. पण आज मी एकदाही कुरकुरलो नाही. कारण त्या खोलीत एकाआड एक गुरुवारी मनाच्या डॉक्टरीणबाई बसणार आहेत. माणसांच्या दवाखान्याचं छप्पर उतरवलंय, तिथे जागा नाही, म्हणून आमच्या गुरांच्या दवाखान्यात!

दोन वर्षं मी हेच शोधतोय. आमची ही, माझी बायको, बाजारात उभी असताना तिच्या छातीत धडधडायला लागलं, श्वास कोंडला, आता मरते असं वाटलं. हृदय तपासलं — ठणठणीत. मग बसमध्ये तसंच. मग शाळेत, फळ्यासमोर. नोकरी सोडली. आता उंबरठाही ओलांडत नाही. आणि मनाचे डॉक्टर कुठे? सात तासांच्या बसवर. म्हणजे जिला दाराबाहेर पडता येत नाही तिने सात तास बसमध्ये बसून जायचं, मग तिथे तिला दाराबाहेर पडायचं औषध मिळणार. वा रे व्यवस्था! फोनवरून तपासणीही करून पाहिली. "तुम्हाला भीती कधी —" इथवर ऐकू आलं आणि लाइन गेली.

आणि आता चारशे पावलांवर! खोली झाडताना मी चक्क गात होतो. आवारातला बैल उठून लांब जाऊन उभा राहिला.

५ जानेवारी, गुरुवार

कोणीही आलं नाही.

बाई वेळेवर आल्या. तरुण आहेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. खुर्ची मांडली, वही उघडली आणि बसून राहिल्या. आवारात गुरं घेऊन आलेली वीसेक माणसं, सगळ्यांचं लक्ष त्या दाराकडे. कोण वेडा ते बघायला! एक गृहस्थ दारापर्यंत गेले, मागे वळून बघितलं आणि तडक माझ्याकडे येऊन कुत्र्यासाठी जंताचं औषध मागितलं. त्यांच्याकडे कुत्रा नाही. इथल्या प्रत्येक कुत्र्याला मीच सुई टोचतो, मला माहीत नसणार?

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही भाजी चिरत राहिली. चारशे पावलं तुमच्यासाठी, म्हणाली. आणि सगळ्यांदेखत त्या दारातून आत जायचं, ते तर नाहीच जमणार. मी चिडलो. दोन वर्षं शोधलं ते दाराशी येऊन बसलंय आणि तू —! बोलून गेलो. चूक माझी.

१९ जानेवारी, गुरुवार

आज एक आजोबा कोंबडी घेऊन आले. म्हणे खात नाही. मी चोच बघितली, डोळे, पोट, पंख. इतकी धष्टपुष्ट कोंबडी वर्षभरात बघितली नव्हती. तेवढ्यात तिने माझ्या टेबलावरचे दाणेसुद्धा फस्त केले. मी म्हटलं, आजोबा, हिला काहीही झालेलं नाही.

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कोंबडी ठीकच आहे हो. मीच जेवत नाही."

आजी गेल्याला आठ महिने झाले. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, कोंबडीला मागच्या खोलीत न्या, तिथे नीट तपासतील. आजोबा कोंबडी कडेवर घेऊन आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण मान ताठ.

बाईंचा पहिला पेशंट!

२० जानेवारी

हिला कोंबडीची गोष्ट सांगितली. ही हसली. नुसती हसली नाही, खांबाला धरून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पुन्हा सांगितली तर पुन्हा हसली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

बातमी फुटली वाटतं. आज मागच्या खोलीसाठी पाच कोंबड्या, एक बोकड, एक ससा. सगळे तब्येतीत!

आता पंचाईत अशी की फाटकातून आत आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद माझ्या रजिस्टरात झालीच पाहिजे, तक्रारीसकट. तीस वर्षांचा शिरस्ता आहे, मोडवत नाही. मी विचारतो, काय होतंय हिला? आणि लोक जे सांगतात ते मी इमानदारीने लिहितो.

कोंबडी — झोप नाही. जुन्या गोष्टी आठवून रडते.
बोकड — पहाटे तीनला जाग, मग पुढची काळजी.
ससा — चारचौघांत जायला नको वाटतं.

बाईंच्या वहीत मात्र नावं नाहीत. नाव लिहायचं म्हटलं की लोक उठून चालू लागतात, म्हणून त्या नुसते आकडे घालतात. एक, दोन, तीन.

संध्याकाळी हिने विचारलं, "मग मी काय नेऊ?"

मी दूध गॅसवर विसरलो. सगळं उतू गेलं. जाऊ दे!

३ फेब्रुवारी

आमच्याकडे तर साधी मांजरसुद्धा नाही. आजोबांना विचारलं. म्हणाले, माझी घेऊन जा, तिला आता सवय झालीये.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला आजोबा कोंबडी घरी देऊन गेले. हिने ती शालीत गुंडाळून छातीशी धरली. उंबरठ्यावर पाच मिनिटं उभी. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखा बघत होतो. मग पाऊल पडलं!

शिंप्याच्या दुकानाजवळ थांबली. तोंड पांढरं, कपाळावर घाम. मला वाटलं झालं, आता परत. ही म्हणाली, "हिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात उडतंय हो." आणि कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत, तिला "काही नाही होत, काही नाही होत" म्हणत उरलेला रस्ता चालून गेली. मी मागे. लोकांनी काय पाहिलं? कंपाउंडरची बायको आजारी कोंबडी घेऊन चाललीये.

टेबलापाशी मी रजिस्टर उघडलं. शिरस्ता म्हणजे शिरस्ता. काय होतंय? तिने माझ्याकडे बघितलं. लिहा, म्हणाली, घराबाहेर पडत नाही. लिहिलं. अक्षर काही बरं आलं नाही.

चाळीस मिनिटं आत होती. बाहेर आली. घरी येऊन पाणी प्यायली, मग म्हणाली, "माझ्या आजाराला नाव आहे. बऱ्याच जणांना होतो म्हणे. आणि बरा होतो."

मी आज खूप आनंदात आहे. एवढंच लिहितो.

१९ फेब्रुवारी

हिने सकाळची गोळी घेतली. आणि बाईंनी अभ्यास दिलाय — रोज थोडं पुढे जायचं, भीती आली तरी पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. आज घराच्या फाटकापर्यंत. अकरा मिनिटं उभी राहिली. शाळामास्तरीण ती, वहीत वेळ मांडून ठेवते.

२३ फेब्रुवारी

शिंप्याच्या दुकानापर्यंत!

२६ फेब्रुवारी

आज नाहीच. अंथरुणातच होती. मला म्हणाली, तोंड पाडून बसू नका, बाईंनी सांगितलंय असेही दिवस येतात. म्हणजे आता हीच माझी समजूत काढते.

२ मार्च, गुरुवार

मागच्या खोलीसाठी चौदा! साहेबांनी विचारलं, आज एवढी गर्दी कशी? म्हटलं, हवापालट. एकाने कासव आणलं होतं. कासव — कशातच उत्साह नाही. लिहिताना माझं मलाच हसू आवरेना, पण ज्याने आणलं होतं तो अजिबात हसत नव्हता. मग मी त्याला आधी आत पाठवलं.

९ मार्च, गुरुवार

डोक्याला हात लावायची वेळ आली.

वरच्या कचेरीतून दोन पत्रं. पहिलं साहेबांच्या नावे. आपल्या मासिक अहवालावरून दिसतं की आपल्या भागातल्या कोंबड्या खात नाहीत, झोपत नाहीत, एकट्या राहतात. साथीचा संशय आहे. १६ तारखेला पथक येऊन घरोघरचे पक्षी ताब्यात घेईल. तोवर पक्षी हलवू नयेत. — अहवाल कोणी पाठवला? मी! रजिस्टरातून जसाच्या तसा उतरवून, नेहमीसारखा!

दुसरं बाईंना. दोन महिन्यांत सही केलेला एकही रुग्ण नाही. नाव आणि सही नसेल तर तो रुग्ण धरता येत नाही. तरी १६ मार्चची फेरी शेवटची समजावी.

म्हणजे नसलेल्या आजारी कोंबड्या माझ्या कागदावर आहेत, आणि असलेली आजारी माणसं बाईंच्या कागदावर नाहीत. हे मी करून ठेवलं. ही नुकती कुठे शिंप्याच्या पुढे जायला लागली होती. पुन्हा सात तासांची बस?

हिला सांगायलाच लागलं. दोन्ही पत्रं तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. तक्रारी तेवढ्या चुकीच्या नावावर गेल्यात." आणि पोळ्या लाटायला गेली. मी अजून इथेच बसलोय.

१६ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

पक्षी हलवायला बंदी, त्यामुळे आज हिचे हात रिकामे. म्हणून तिने माझा हात धरला. भर रस्त्यात! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी चाललो नव्हतो.

आवाराच्या कुंपणालगत लोक उभे. सगळे रिकाम्या हातांनी, सहज इकडून चाललो होतो असं दाखवत. पथक आलं. तोंडाला फडकी, हातात रबरी मोजे, गाडीत पिंजरे. मोठ्या अधिकाऱ्यांनी माझं रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "कोंबडी. झोप नाही. जुन्या गोष्टी आठवून रडते." थांबले. फडकं खाली ओढलं. मला विचारलं, कोंबडी रडते?

मी सांगून टाकायला तोंड उघडलं. पण सांगणार कसं? एकेक ओळ कोणाची आहे ते मला पाठ, आणि ती सगळी माणसं समोर उभी. सांगितलं तर त्यांचा विश्वासघात, नाही सांगितलं तर कोंबड्या जाणार आणि बाईही जाणार.

अधिकारी म्हणाले, पत्ते द्या, पक्षी उचलायचेत. तेव्हा आजोबा कुंपण सोडून पुढे आले.

"तिला नेऊ नका साहेब. ती धडधाकट आहे. जेवत नव्हतो तो मी."

मागच्या खोलीच्या दारात बाई आल्या होत्या. त्यांनी वही पुढे केली नाही, काहीच केलं नाही. आजोबांनीच मागितली. बाकावर बसून हळूहळू पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. अधिकारी वैतागून म्हणाले, बरं, हा एक झाला. एकासाठी फेरी चालत नाही.

कोणी हलेना. आणि माझ्या हातातला हात सुटला.

ही टेबलापाशी गेली. आवाज फळ्यासमोरचा होता. "रजिस्टरात सातव्या पानावर घराबाहेर न पडणारी कोंबडी आहे. ती मी. सही कुठे करायची?"

सही केली. वळली. कुंपणाकडे बघितलं. तिथले निम्मे तिच्याकडे गणित शिकलेले! काही बोलावं लागलं नाही, रांग आपोआप लागली. बोकडवाला, ससेवाली, कासववाला. जंताचं औषध मागणारे गृहस्थसुद्धा — ते तर आजवर आत गेलेच नव्हते! बावीस सह्या झाल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. पथकाचे रिकामे पिंजरे गाडीत खडखडत परत गेले.

मी रडलो. साहेबांनी पाहिलं. पाहू देत.

१७ मार्च

मला लेखी समज मिळाली. यापुढे जनावरांच्या नोंदीत माणसांच्या तक्रारी लिहू नयेत. दिवसभर लाल शाईने एकेक ओळ खोडून शेजारी सही केली. कासवाची ओळ खोडताना जरा जड गेलं.

२८ मार्च, मंगळवार

पत्र आलं! फेरी बंद नाही. उलट आता दर गुरुवारी. मी पत्र घेऊन घरी पळत सुटलो, एप्रन अंगावर तसाच.

४ एप्रिल, मंगळवार

कामावरून घरी आलो तर दाराला कुलूप.

आधी दार दोनदा वाजवलं. मग कळलं. ही बाहेर गेलीये. एकटी. कुठे ते मला माहीत नाही.

माझ्याकडे किल्लीच नाही! दोन वर्षांत कधी लागलीच नव्हती. पायरीवर बसून लिहितोय. येईल तेव्हा येईल, मला काही घाई नाही.