तुझ्या चुलीची राख

पाँडिचेरी

ती. आईस,
संस्कृतीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

तू शेवगावहून पाठवलेली कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख मी धुऊन चाळली, पांढऱ्या मातीत कालवली आणि एकदा भाजलेले कप त्यात बुडवले. भट्टीत कपांवर राखेची काच झाली, ओल्या हरभऱ्याच्या रंगाची. आमच्या मातीकामाच्या मॅडम म्हणाल्या, असा रंग दुसऱ्या कुठल्याच राखेला आला नाही. प्रदर्शनासाठी त्यांना आणखी हवी आहे.

मग काल सुनीलचा फोन आला. "ताई, गॅस तसाच झाकून ठेवलाय. आई रोज चूल पेटवती. म्हनती, पोरीला राख लागती. सारखी खोकती."

डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला, म्हणून मीच हट्टाने गॅस घ्यायला लावला होता ना? फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. सुनील वाचून दाखवेल.

मॅडमना मी राख संपली असं सांगितलं. तुझा राखेचा डबा परत पाठवते आहे. त्यात शेंगदाण्याचे लाडू भर. औषध घेतेस ना?

तू पुन्हा राखच भरशील, आणि आलेली राख माझ्याने फेकवणार नाही. इतक्या लांबून तुझी चूल मला विझवता येत नाही, आई.

तुझीच,
संस्कृती