इटालियनांचं दार

९ मार्च १९५७
वेअर स्ट्रीट, कालव्याच्या अलीकडे

जेरार्डो यास, फिलोमेनाकडून.

तुझं पत्र आणि पुस्तक मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघे धरतात, बाकी तक्रार नाही. तूही बरा असशील. वर्तमानपत्रातल्या फोटोत बिशपसाहेबांशेजारी चांगला गुटगुटीत दिसतोयस. आपण एकाच गावात आठ गल्ल्यांवर राहतो आणि टपालानं बोलतो, याची आता पोस्टमनलासुद्धा सवय झाली आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कॅथेड्रलची शंभर वर्षं छान लिहिलीयस. कालवा खणणाऱ्या आयरिश मजुरांनी रविवारची सुट्टी मोडून पाया खणला, अमेरिकेच्या यादवी युद्धात भिंती बिनछपराच्या राहिल्या आणि लोक छत्र्या उघडून मिस्सेच्या प्रार्थनेला बसले, मनोऱ्यावर वीज पडली. त्या मजुरांची नावं दीड पान. घंटेचं वजनही दिलंयस. आणि मग पान एकशे बारा: ‘इटालियन बांधवांनी तळघरातील प्रार्थनागृहात आनंदाने आपली भक्ती जोपासली.’

आनंदानं?

तू आईच्या मांडीवर बसून खोकायचास त्या बॉयलरच्या धुरात. वर ऑर्गन सुरू झाला की खाली आपल्या पाद्र्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. वरच्या वेदीपुढची सगळी संगमरवरी फरशी बाबांनी तीन वर्षं गुडघ्यांवर बसून घासली. काम संपलं त्या रविवारी आपण सगळे बाजूच्या कोळशाच्या दारानं खाली गेलो. डोनाटो लासोर्सा हे नाव तुझ्या पुस्तकात कुठंच नाही. लेखकाचं नावही लासोर्सा नाही म्हणा. ‘मॉन्सिन्योर जेरार्ड लॉसन.’ हा कोण, असं माझ्या नातीनं विचारलं. मी म्हटलं, आहे एक पाद्री.

आता तुझ्या पत्राबद्दल. तळघर रंगवून तिथं सभागृह केलंय, त्याला आईचं नाव देणार, आणि रविवारी फीत मी कापावी. पुढं तू लिहितोस, “ताई, आईची शेवटची इच्छा मोडली, हे ओझं मी तेहतीस वर्षं वाहतोय. एवढं तरी मला करू दे.”

मी येणार नाही. हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. दोनदा केलंही. पण त्या ओझ्याबद्दल काही लिहायला हवं.

त्या फेब्रुवारीत तू सेमिनरीतून, पाद्री होण्याचं शिक्षण अर्धवट टाकून नव्हे तर रजा घेऊन, आलास तेव्हा आई गेलेली होती. तू घरी आला नाहीस, थेट कॅथेड्रलच्या मुख्य पाद्र्याकडे, फादर केहिलकडे उतरलास. सकाळी बाबा आणि तिघे शेजारी पेटी खांद्यावर घेऊन बर्फातून समोरच्या पायऱ्या चढले. मी मागं होते. मोठ्या दारात तू उभा, अंगावर पांढरा झगा, वय बावीस. तू म्हणालास, “बाबा, इटालियनांचं दार बाजूला आहे.” आणि तेही इंग्रजीत. बाबांना तेवढं इंग्रजी येत होतं.

बाबा म्हणाले, “तुझी आई आहे यात.”

“मला माहीत आहे. फादर केहिल आत बघतायत. तमाशा नको.”

“या उंबऱ्याचा दगड मी बसवलाय, पोरा. बाजूला हो.”

तू झाला नाहीस. पेटी त्याच पायऱ्यांवर वळवताना खांदा देणारा म्हातारा पासक्वाले घसरला आणि आईचं डोकं आत लाकडावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तूही ऐकलास. बाबांनी पेटी खाली पोचवली आणि स्वतः बाहेर बर्फात उभे राहिले. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी कुठल्याच देवळाची पायरी चढली नाही. मरताना पाद्री आणला तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणून ते आईशेजारी नाहीत, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलेले आहेत. हे सगळं मी तुझ्या नावावर मांडलं, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं.

आता ऐक. आई मोठ्या दारानं न्या असं म्हणाली नव्हती.

शेवटच्या दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते. ती म्हणाली, “मला खालीच न्या. तिथं माझ्या संत रोकोची मूर्ती आहे. तिथं बायका मोठ्यानं रडतात, वर कुणाला रडू देत नाहीत. आणि माझ्या जेरार्डोला त्या लोकांपुढं लाजवू नका.” सुईणीसारखं समजावून सांगितलं तिनं, शांतपणे. मला संताप आला. मरतानाही ती तुझीच काळजी करत होती. तिला अंघोळ मी घालत होते, थुंकी मी पुसत होते. बाबा कामावरून आले आणि त्यांनी विचारलं, काही म्हणाली का? मी म्हटलं, “म्हणाली, मोठ्या दारानं न्या. तुम्ही घासलेल्या फरशीवर ठेवा.”

बाबांचा चेहरा उजळला, जेरार्डो. त्या घरात त्या आठवड्यात तेवढाच.

तू वाट सोडशील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तू सोडू नयेस, सगळ्यांना दिसावं, हेच मला हवं होतं. बर्फात उभ्या राहिलेल्या बाबांकडे बघूनही मी तोंड उघडलं नाही. ते भिंतीकडे वळले तेव्हाही नाही. दोन शब्दांचं काम होतं.

तेव्हा ते ओझं उतरव. आईची इच्छा तू मोडली नाहीस, मी मोडली. पण लगेच हलका होऊ नकोस. तिची इच्छा तुला ठाऊक नव्हती. ती मोठ्या दारानं यायला निघालीय असं समजूनच तू तिला अडवलंस. ते तुझं तुझ्याकडे ठेव. त्यातलं मी काही घेणार नाही.

सभागृहाला तिचं नाव देऊ नकोस. नातींना खरं काय ते सांगितल्याशिवाय मला त्या नावाखाली उभं राहता येणार नाही, आणि ते सांगायला मला वेळ लागेल. आधी कुंपणाबाहेर जाऊन बाबांना सांगायचंय. एकटीनं. तू तिथं येऊ नकोस.

आईच्या तोंडी खोटं घालणारी,
तुझी बहीण
फिलोमेना लासोर्सा